वस्तू नसलेली जाहिरात

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवर कल्याणहून कर्जतकडे जाताना लागणारं पहिलं स्थानक. आसपास कल्याण पूर्वेची दाट वस्ती, उल्हासनगरचे कॅम्प, जवळच एसटीचं आगार आणि वालधुनी नदी. इथून मुंबईतल्या एखाद्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला निघायचं तर चित्रांच्या आधी गाड्यांचा हिशोब करावा लागतो. उद्घाटनं बहुधा संध्याकाळी असतात. त्या वेळी सगळी गर्दी मुंबईकडून कल्याणकडे लोटत असते आणि प्रदर्शनाला जाणारा उलट्या दिशेने निघालेला असतो. त्यामुळे जाताना बसायला जागा मिळते, दाराबाहेर पाहायला उसंत मिळते. कुर्ल्यापर्यंत साधारण चाळीस किलोमीटर, तासाभराचा प्रवास. कुर्ला पश्चिमेला उतरून बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा धरली की वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी. तिथल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या चार मजली आर्ट हाउसमध्ये २२ जुलै २०२३ रोजी, ऐन पावसाळ्यातल्या एका शनिवारी, ‘रन ॲज स्लो ॲज यू कॅन’ हे प्रदर्शन सुरू झालं आणि २२ ऑक्टोबरपर्यंत चाललं. आर्ट हाउस हे कायमचा संग्रह बाळगणारं संग्रहालय नव्हे, पण संग्रहालयाच्या तोडीचं दालन आहे. प्रदर्शन होतं ‘टॉयलेटपेपर’ या इटालियन मासिकाचं. चिथावणीखोर पॉप छायाचित्रांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या मासिकाचं भारतातलं ते पहिलं प्रदर्शन. ते आता उतरलं असलं, तरी त्यानं उभा केलेला प्रश्न उतरलेला नाही. त्या प्रश्नाकडे विठ्ठलवाडीहून पाहिलं तर तो अधिक स्पष्ट दिसतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी मासिकाबद्दल. मॉरिझिओ कॅटेलान हा पादुआत १९६० साली जन्मलेला शिल्पकार आणि पिएरपाओलो फेरारी हा जाहिरातींच्या छायाचित्रणात मुरलेला छायाचित्रकार. या दोघांनी २०१० मध्ये ‘टॉयलेटपेपर’ सुरू केलं. त्यात मजकूर नसतो. मथळा नाही, लेख नाही, चित्राखाली ओळ नाही. नुसती पानभर छायाचित्रं. प्रत्येक छायाचित्र एखाद्या महागड्या जाहिरातीसारखं काढलेलं. सपाट झगझगीत रंग, कुठेही सावलीचा डाग नाही, वस्तू इतकी स्वच्छ की हात लावावासा वाटावा. आणि मग लक्षात येतं की पावाच्या दोन तुकड्यांमध्ये बेडूक आहे. न्यूयॉर्कमध्ये हाय लाइन नावाची, जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर केलेली बाग आहे. तिच्या शेजारच्या भल्यामोठ्या जाहिरात फलकावर २०१२ मध्ये यांचं एक छायाचित्र लागलं होतं: गडद निळ्या पार्श्वभूमीवर लाल नखांची बायकी बोटं, हातापासून तोडल्यासारखी. फलक जाहिरातीचा, रंग जाहिरातीचे, नखांची निगा जाहिरातीतली. फक्त नेलपॉलिशची बाटली आणि कंपनीचं नाव तेवढं नाही. या कलावंतांची सगळी करामत त्या नसण्यात आहे. लोक बोटांना दचकतात, बेडकाला शिसारतात, पण मला ती चिथावणी वरवरची वाटते. खरी चिथावणी ही, की विकायची वस्तू काढून घेतली तरी जाहिरात जिवंत राहते, हाक मारत राहते, आणि आपलं मन त्या हाकेला ओ देत राहतं. कशासाठी ओ दिली हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

ही गोष्ट कळायला कलेच्या इतिहासाची पदवी लागत नाही. जाहिरातींच्या गर्दीत रोज डोळे उघडे ठेवून केलेला प्रवास लागतो. तो विठ्ठलवाडीच्या माणसाकडे भरपूर आहे. सुरुवात उल्हासनगरपासून करू. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं गेलं आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या नव्या नगराची कोनशिला बसली. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी तिथे फर्निचरचा, कापडाचा, पुढे जीन्सचा बाजार उभा केला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही म्हण मुंबई पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणीतली थट्टा बाजूला ठेवली तर तिच्यात पॉप आर्टचा गाभाच आहे. कापड तेच, शिलाई तीच, आणि लेबल बदललं की वस्तूची किंमत आणि माणसाची चाल दोन्ही बदलतात. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं मांडली, १९६४ मध्ये साबणाच्या पुड्यांची खोकी हुबेहूब बनवून दालनात रचली, तेव्हा त्यानं हाच प्रश्न विचारला: वस्तू कुठे संपते आणि लेबल कुठे सुरू होतं? उल्हासनगरच्या कारागिराने तो प्रश्न पोटासाठी हाताळला. जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या रंगाने वालधुनीचं पाणी वर्षानुवर्षं रंगत राहिलं, म्हणजे त्या लेबलाची किंमतही याच पट्ट्याने चुकती केली.

गाडी सुटली की दुतर्फा फ्लेक्स सुरू होतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नव्या गृहप्रकल्पातला पोहण्याचा तलाव, क्लासमध्ये पहिल्या आलेल्या मुलांचे चौकोनी चेहरे. डोंबिवली, दिवा, मुंब्रा, ठाणे. स्थानकं बदलतात, रंग तेच राहतात. गाडीचा डबाही बाहेरून जाहिरातीत गुंडाळलेला असू शकतो. आणि घाटकोपर आलं की हा विषय नुसत्या डोळ्यांचा राहत नाही. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर एक होर्डिंग कोसळलं आणि सतरा माणसं गेली. परवानगी चाळीस बाय चाळीस फुटांची असते. हे होतं एकशेवीस बाय एकशेवीस. क्षेत्रफळाने नऊपट. मोठ्या चित्रावर नजर अधिक ठरते, नजरेला भाव असतो, म्हणून चित्र मोठं होत गेलं. आणि त्याच्या सावलीत पावसापासून आडोसा घेणाऱ्या माणसांच्या जिवाचा हिशोब कुणी धरला नाही. जाहिरातीच्या चित्राची ताकद म्हणजे काय, हे या मार्गावरच्या प्रवाशाला शिकवावं लागत नाही. अशा माणसासमोर वस्तू काढून घेतलेली जाहिरात ठेवली, तर तो तिच्यातली रिकामी जागा पॅरिसच्या समीक्षकाइतकीच चटकन ओळखेल, कदाचित जास्तच.

यावर पहिला आक्षेप येतो तो परकेपणाचा. हे इटालियन लोकांचं, श्रीमंत देशांतलं, आपल्याकडच्या दृष्टीशी न जुळणारं, असं म्हटलं जातं. मला हा आक्षेप इतिहासाला धरून वाटत नाही. रेल्वे कल्याणला पोहोचली १८५४ मध्ये, आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही या नव्या कलेच्या वर्तुळात होते. ज्या भाऊ दाजींचं नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे, तेच हे. त्या काळातल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे दोन ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यातल्या माणसांची छायाचित्रं स्टुडिओत घेतली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडला. म्हणजे कापा, चिकटवा आणि खरं म्हणून दाखवा ही रीत मुंबईत दीडशे वर्षांहून जुनी आहे. पुढे राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, काही काळ घाटकोपरला होता, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतींवर गेल्या, कॅलेंडरवर गेल्या, काडेपेटीवर आणि कापडाच्या लेबलांवर उतरल्या. आणि जत्रेतला फोटोवाला? रंगवलेला ताजमहाल, पुठ्ठ्याचं विमान, पुठ्ठ्याची चंद्रकोर आणि तिच्यावर बसलेलं नवं जोडपं. भडक रंग, उघड बनाव आणि त्या बनावावर मनापासून विश्वास, हे तिन्ही गुण आपल्या दृष्टीत कधीपासून आहेत. बीकेसीच्या त्या प्रदर्शनात भिंती, जाजमं आणि खुर्च्या-टेबलं यांवर छायाचित्रं पसरून खोल्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. प्रेक्षकाने चित्रासमोर उभं न राहता चित्रात शिरावं अशी ती मांडणी. जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या विमानात बसलेल्या माणसाच्या नातवंडांना ती नवी वाटण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. अशी चित्रं समाजाला बिघडवतात, म्हणून दालनात किंवा चौकात ती नकोतच, असं म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत आणि त्यांना उडवून लावणं योग्य नाही. पण आपण कशाला बिघाड म्हणतो हे तपासायला १९९५ सालचं एक छायाचित्र पुरेसं आहे. टफ्स नावाच्या बुटांची ती जाहिरात. छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता. चित्रात मधु सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघेही मराठी, दोघेही विवस्त्र, पायांत बूट आणि अंगाभोवती अजगर. मुंबईत खटला दाखल झाला, अश्लीलतेचा आणि त्या अजगरापायी वन्यजीव कायद्याचाही. तो चौदा वर्षं रेंगाळला आणि २००९ मध्ये त्यातून सुटका झाली. चौदा वर्षांच्या त्या वादात देहावर बोललं गेलं, सापावर बोललं गेलं. बुटांवर कुणी बोललं नाही. बुटांचा जोड विकण्यासाठी माणसाचं शरीर आणि मुका प्राणी एकाच चौकटीत मांडता येतात, हा विचार कुणालाही खटला भरण्याइतका गैर वाटला नाही. आपली लाज देहापाशी थांबते, विक्रीपाशी पोहोचत नाही. म्हणून मला ‘टॉयलेटपेपर’ची पद्धत महत्त्वाची वाटते. ती बूट काढून घेते आणि विचारते, आता उरलेल्या चित्राचं काय करायचं? सभ्यतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हा प्रश्न आपलासा करायला हरकत नाही, कारण तो त्यांच्या आक्षेपाहून अधिक खोल जातो.

इथवर मी या छायाचित्रांची बाजू घेतली. आता त्यांच्या विरुद्ध जाणारं सांगतो. वस्तू काढून घेण्याचं धाडस त्यांना शेवटपर्यंत झेपलेलं नाही. मासिकातली हीच चित्रं एका इटालियन कंपनीमार्फत बश्या, कप, उशा, आरसे यांवर छापली जातात आणि जगभर विकली जातात. बेडकाची बशी मिळते, बोटांची बशी मिळते. जाहिरातीतून हद्दपार केलेली वस्तू मागच्या दाराने परत आली, आणि या वेळी चिथावणी हेच तिचं लेबल झालं. कॅटेलानने २०१९ मध्ये मायामीत एक केळं चिकटपट्टीने भिंतीला लावलं. तेव्हा त्याच्या प्रती एक लाख वीस हजार ते दीड लाख डॉलरच्या होत्या. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातली एक बासष्ट लाख डॉलरना गेली. बाजाराची खोड काढणारी कृती बाजारानेच एवढ्या आनंदाने विकत घेतली, तर खोड काढली गेली असं कसं म्हणावं? काही जण म्हणतील, कलावंताने उपाशी राहावं का? तसं कुणी म्हणत नाही. पण ज्या चित्राचा सगळा अर्थ वस्तू नसण्यात आहे, त्याला वस्तू जोडली की अर्थ पातळ होतो, एवढं मान्य करायला हवं. त्या खोल्यांमध्ये फोनवर स्वतःचे फोटो काढणाऱ्या प्रेक्षकांना मी दोष देणार नाही. जत्रेतल्या चंद्रावर बसण्याचा तो हक्कच आहे, आणि तरुण पोरांनी कलादालनात हसावं-खिदळावं यात वाईट काय? अडचण दुसरीकडे आहे. ही चित्रं कुणाबद्दल आहेत, कोणत्या गावाबद्दल, कोणत्या दुःखाबद्दल, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. ती मिलानमध्ये टांगा, मुंबईत टांगा, सारखीच दिसतात.

तुलनेसाठी छायाचित्रकार डेव्हिड लाशापेलचं २००६ सालचं ‘डेल्यूज’ पाहावं. लाशापेलला पहिलं मोठं काम वॉरहॉलच्याच मासिकात मिळालं, आणि पुढे चमचमत्या ताऱ्यांची छायाचित्रं काढण्यात त्यानं उमेदीची वर्षं घालवली. ‘डेल्यूज’मध्ये त्यानं मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेला महापूर पुन्हा रचला: पाण्यात धडपडणारी, एकमेकांना वर खेचणारी माणसं, आणि त्यांच्याबरोबर बुडणाऱ्या दुकानांच्या पाट्या. इथेही जाहिरातीचे रंग आहेत, पण विषय आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी उलटली, इकडे उल्हास नदीने बदलापूर-कल्याणच्या वस्त्या पाण्याखाली घेतल्या. बीकेसी त्याच मिठीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभं राहिलेलं आहे. बुडणाऱ्या पाट्यांचं ते चित्र बीकेसीच्या भिंतीवर कुणी लावलं, तर विठ्ठलवाडीहून आलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आपल्याकडे या वाटेने गेलेले कलावंत आहेत आणि ते मला कॅटेलान-फेरारींपेक्षा धीट वाटतात. भूपेन खख्खर मुंबईत १९३४ साली जन्मलेला, चार्टर्ड अकाउंटंट, नंतर बडोद्याचा झाला. भारतात पॉप आर्टची चाल आणणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १९७२ च्या एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यानं स्वतःचीच सजवून काढलेली छायाचित्रं छापली, जेम्स बाँडच्या थाटातलं त्यातलं एक. त्याचा तो साधा, मध्यमवर्गीय चेहरा आणि ती ऐट यांच्यातल्या फटीत त्या काळच्या पुरुषाची सगळी स्वप्नं दिसतात. पुष्पमाला एन. यांनी तर छायाचित्रालाच आपलं मुख्य साधन केलं. ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ ही त्यांची १९९६ ते ९८ मधली मालिका मुंबईत चित्रित झाली. त्यातली मुखवटा घातलेली बाई म्हणजे ‘हंटरवाली’ चित्रपटातल्या फिअरलेस नादियाची आठवण. मग क्लेअर अर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ मध्ये केलेल्या मालिकेत त्या स्वतः रविवर्म्याची लक्ष्मी झाल्या, आणि वसाहतकाळातल्या मोजमापाच्या छायाचित्रांतली, चौकडीच्या पडद्यापुढे उभी केलेली तोडा जमातीची बाईसुद्धा झाल्या. जॉन्सनच्या ग्रंथांतल्या माणसांना जे विचारलं गेलं नव्हतं ते इथे विचारलं गेलं: मला कोण उभं करतंय, आणि कुणासाठी? इथे चित्रातून वस्तू काढलेली नाही. वस्तू म्हणून मांडल्या गेलेल्या बाईच्या जागी कलावंत बाई स्वतः जाऊन उभी राहिली आहे. असं चित्र बशीवर छापलं तरी त्या बाईची नजर बशीतून वर पाहतच राहील. चिथावणीची कसोटी माझ्या लेखी ही.

उद्घाटनाचं म्हणाल तर चित्रं पाहायला तो दिवस वाईट. दिवे, पाहुणे, कॅमेरे, आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहिलेली माणसं. पण उद्घाटनाचा एक उपयोग आहे: कोणती संस्था किती ऐकून घेते, हे त्या संध्याकाळी कळतं. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी फोर्टमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन सुरू झालं. बरव्यांची चित्रं शांत, अबोल: पान, घड्याळ, पेटी, रिकामी जागा. व्यासपीठावर अमोल पालेकर होते, जे स्वतः जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. मुंबई केंद्राच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद करून निर्णय दिल्लीकडे गेल्याबद्दल ते बोलू लागले, आणि त्यांना पुन्हा पुन्हा थांबवण्यात आलं. त्या संध्याकाळी एकाही चित्राने कुणाला चिथावलं नव्हतं. चार सरळ वाक्यांनी चिथावलं. बीकेसीतल्या दालनात ‘टॉयलेटपेपर’ची चित्रं निर्धास्त टांगली गेली, त्यांच्या उद्घाटनाला काही झालं नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वस्तू नसलेली जाहिरात आपल्या शहराला का सहन होते याचं उत्तर मिळतं. ती कुणाचंही नाव घेत नाही.

तरीही विठ्ठलवाडीहून अशा प्रदर्शनाला जावं का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे. लांब पडतं, खर्च होतो, त्यापेक्षा फोनवर चित्रं दिसतातच की, हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि खराही आहे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, नाटकासाठी या पट्ट्याला मुंबई गाठावी लागत नाही; चित्रासाठी मात्र अजून कुर्ल्याच्या पुढे जावं लागतं. पण ‘टॉयलेटपेपर’चं बेडकाचं चित्र फोनवर पाहिलं तर ते शंभर जाहिरातींमधलं एकशे एकावं होतं, बोटाने वर सरकवलं की संपलं. मोकळ्या भिंतीवर, मनुष्याहून उंच, शेजारी काहीही विकायला नसताना ते पाहिलं तर त्यातली पोकळी अंगावर येते. त्यासाठी उद्घाटनाची संध्याकाळ टाळावी आणि कामाच्या दिवशी दुपारी जावं. खोलीत शिरल्यावर फोन बाहेर काढण्याआधी एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहावं आणि हे चित्र मला काय विकू पाहतंय, हा एकच प्रश्न धरावा. परतताना संध्याकाळची गर्दी सुरू झालेली असते, कुर्ल्याला अंबरनाथ किंवा बदलापूर गाडीत शिरणं सोपं नसतं. आत शिरल्यावर दाराजवळ उभं राहिलं तर घाटकोपर, ठाणे, डोंबिवली असे दिवे लागलेले फलक एकेक करून समोरून जातात. नजरेला दालनातली सवय लागलेली असते, आणि काही वेळ तरी त्या फलकांवरची बाटली, सदनिका, नेत्याचा चेहरा आपोआप गळून पडतात आणि उरतो तो नुसता निळा, नुसता पिवळा, आणि कशासाठी तरी हसणारे दात. कल्याणनंतर गाडी वळते, आणि विठ्ठलवाडीला उतरायची तयारी करावी लागते.